जादा दांडीची गाडी

३ ऑगस्ट, रविवार

आज जेवताना रक्षिता म्हणाली, "अप्पा, आपण चारचाकी घेऊया. ऑनलाइन."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. ऑनलाइन काय काय विकलं जातं हे राजारामपुरीत स्टीलच्या भांड्यांचं दुकान चालवणाऱ्याला कुणी सांगायला नको. पण चारचाकी? मोबाइलवर बोट टेकवायचं आणि गाडी दारात? रक्षिताची आई शांता म्हणाली, "पोस्टमन आणून देणार व्हय गं?" तिघंही हसलो. या घरात तिघं एकदम हसलो, म्हणून तारीख लिहून ठेवतो.

विषय निघाला तो सकाळच्या प्रकारामुळे. रक्षिताला दातांच्या डॉक्टरांकडे न्यायला रिक्षा बोलावली होती. नेहमीसारखं तिला खुर्चीतून उचललं, पण पायरी ओली होती आणि माझा पाय सरकला. रिक्षावाला भला माणूस. धावत आला आणि म्हणाला, "पावणं, तुम्ही डोक्याकडनं धरा, मी पायाकडनं धरतो." कपाट हलवताना म्हणतात तसं. रक्षिता जाताना वाटभर रिक्षाच्या पडद्याकडे बघत राहिली.

ही वही सुरू झाली तीच तिच्यासाठी. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तिचा व्यायाम आणि औषधं यांची नोंद ठेवायला सांगितली होती. औषधं संपली, लिहायची सवय राहिली. फुलेवाडीच्या रस्त्यावर स्कूटर मी चालवत होतो. ती मागे बसली होती. कुत्रं आडवं आलं. मला हनुवटीला पाच टाके पडले आणि तिचे पाय कमरेपासून गेले. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती, मायक्रोबायॉलॉजीत एम. एस्सी. झालेली. आता घरी बसून मुलांना ऑनलाइन शिकवते. त्या दिवसापासून मी कुठल्याच वाहनाला हात लावलेला नाही. दुकानाला चालत जातो.

हे एकदाच लिहिलं. परत लिहिणार नाही.

जेवण झाल्यावर विचारलं, "गाडी घेतली तर चालवणार कोण?"

"मी," रक्षिता म्हणाली.

मी परत हसलो. तीही हसली, पण जरा उशिरानं.

७ ऑगस्ट, गुरुवार

आज दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. रक्षितानं पाठवलेल्या साईटवर दोन तास गाड्या बघत बसलो. काय काय निघालंय! फोटोवर बोट फिरवलं की गाडी गरगर फिरते. अजून एक बटण दाबलं की आपण आत. ड्रायव्हरच्या जागी बसल्यासारखं, मान वर केली की छत दिसतं. कऱ्हाडची गाडी, लातूरची गाडी. मी माझ्या गल्ल्यावर बसून लातूरच्या माणसाच्या गाडीत डोकावत होतो. एका स्टिअरिंगवर हळदीची बोटं होती. एकीच्या मागच्या सीटवर बाळाचा एकच मोजा राहिला होता. फोटो काढायच्या आधी उचलावा असं कुणाला सुचलं नव्हतं.

एक ठरवलं. रक्षिताला गाडी हवी आहे तर चालवणार मीच. दुसरं कोण आहे? लायसन्स आहे, तरुणपणी काढलेलं. हात मात्र बसायला पाहिजे. घरात न सांगता उद्या ड्रायव्हिंग क्लास लावतो.

९ ऑगस्ट, शनिवार

क्लास क्रांती नावाच्या बाईंचा आहे. पस्तिशीच्या असतील, आवाज खणखणीत. सकाळी सहाला विद्यापीठाच्या रस्त्यावर नेलं. किल्ली फिरवली, गाडी निघाली. वीस पावलं गेलो असेन, कचकन ब्रेक दाबला. समोर काहीच नव्हतं.

"पावणं, ब्रेकवर उभं राहिलासा की! रस्ता पळून चाललाय काय?"

मग त्यांनी नाव विचारलं. सांगितल्यावर म्हणाल्या, "म्हंजे रक्षिताचं वडील व्हय? तिचा फोन आल्ता मला, दोनदा."

मला इतकं भरून आलं. बापाला क्लास लागणार हे ओळखून पोरीनं आधीच चौकशी करून ठेवली होती. मी लपवतोय आणि तिला सगळं ठाऊक आहे. घरी आल्यावर मीही काही बोललो नाही, तीही नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

फसणार होतो. चकचकीत पांढरी गाडी, किंमत ऐकून विश्वास बसेना इतकी कमी. विकणारा म्हणाला मी फौजेत आहे, बदली झाली, गाडी लगेच पाठवतो, आधी निम्मे पैसे टाका. आवाज किती अदबीचा! मी अकाउंट नंबरसुद्धा उतरवून घेतला. रक्षितानं तो फोटो कुठल्यातरी दुसऱ्या पानावर टाकला तर तीच गाडी पाच शहरांत, पाच नावांनी विकायला होती.

शेजारचा मोबाइलवाला उन्मेष म्हणाला, "काका, ऑनलाइनमधी फोटोच येतोय बघा. गाडी येत न्हाय." दिवसभर ते कानात होतं. आणि तिनं ते दोन मिनिटांत हुडकलं हेही.

१७ ऑगस्ट, रविवार

गाडी सापडली. नाशिकची आहे, लहान, निळी, अकरा वर्षांची. मालकीणबाईंनी स्वतःच जाहिरात दिली आहे. गाडी ऑटोमॅटिक आहे, म्हणजे क्लच नाही, गिअर टाकायचे नाहीत. माझा डावा गुडघा दुखतो हे रक्षिताच्या लक्षात आहे. इतक्या गाड्यांतून तिनं फक्त ऑटोमॅटिकच बघितल्या.

एक कळलं नाही. स्टिअरिंगच्या खाली एक जादा दांडी आहे, खाली पायांकडे गेलेली. आणि स्टिअरिंगवर लाटण्याच्या मुठीएवढा एक गोल लट्टू. विचारलं, तर रक्षिता म्हणाली, "ते लागतंच, अप्पा." चोरीसाठी कुलूप असणार.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल झाला. बाईंचं नाव संयोगिता, पन्नाशीच्या. बोलणं गोड, नाशिककडचं. त्या दोघी दीड तास बोलत होत्या. गाडीबद्दल इतकं काय असतं? मधे मी डोकावलो तर सीटची उंची किती, दार किती उघडतं, असलंच चाललेलं. सगळा वेळ बाई गाडीतच बसून होत्या. बॉनेट उघडून दाखवायलासुद्धा उतरल्या नाहीत, भावाला हाक मारली, "विजयसिंह, उघड रे जरा." मोठ्या घरची माणसं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

रक्षिताला डॉक्टरांचं सर्टिफिकेट हवं होतं, म्हणून सरकारी दवाखान्यात गेलतो. कशाला विचारलं तर म्हणाली गाडीच्या कागदांना लागतं. सवलत असेल. मी रांगेत, ती खुर्चीत. तिनं दोन महिन्यांपूर्वी ही नवी हलकी खुर्ची मागवली आहे, बटण दाबलं की चाकं निघतात. जुनी चांगली होती, पण तिची हौस.

डॉक्टरांनी तिच्या मुठी दाबून बघितल्या. खांदे फिरवून बघितले. "जोर लाव, अजून लाव," म्हणत स्वतः मागे रेटले गेले. हसले आणि सही केली. दुखणं पायाचं, आणि बघितले हात. दवाखान्याची रीत मला कधी कळली नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

वाईट दिवस. शुक्रवारी आगाऊ रक्कम नाशिकला पाठवली. तेव्हापासून संयोगिताबाईंचा फोन बंद. काल बंद, आज बंद. उन्मेषला सांगितलं, त्यानं नुसती मान हलवली. त्यापेक्षा चार शब्द बोलला असता तर बरं.

पैशाचं दुःख आहेच, खोटं कशाला लिहू. पण रक्षिता जेवली नाही. आज तिनं शिकवणी पण घेतली नाही. म्हणाली, "बाई फसवणाऱ्या न्हाईत, अप्पा. त्या फसवणारच न्हाईत." इतकं ठामपणे कुणाबद्दल बोलताना मी तिला चार वर्षांत ऐकलेलं नाही. गाडीच्या एका मालकिणीशी तिचं असं काय जुळलं?

उद्या फोन लागला नाही तर मी नाशिकला जाणार.

१ सप्टेंबर, सोमवार

सगळं आजच लिहितो, विसरायच्या आत.

सकाळी दुकान उघडतोय तेवढ्यात फोन वाजला. संयोगिताबाई.

"दादा, माफ करा. सप्तशृंगीच्या बाजूला डोंगरात गेले होते, तिथं रेंज नव्हती. तुमचे पैसे आल्याचा मेसेज बघितला आणि मला काय झालं कळेना. किल्ली घेतली आणि निघाले. अकरा वर्षं चालवलीय हो ही गाडी. एकदा शेवटचं हिंडायचं होतं."

"मग विकताय कशाला, ताई?"

"खांदा गेला. बत्तीस वर्षं पायांचं काम खांद्यांनी केलं. आता डॉक्टर म्हणतात, पुरे." पायांचं काम खांद्यांनी म्हणजे काय ते विचारायच्या आत त्या म्हणाल्या, "रक्षिताला सांगा, वळणावर ती जरा डावीकडे ओढते. सुरुवातीला सावकाश चालव म्हणावं."

मी म्हणालो, "रक्षिता कुठली चालवतीय, ताई? मीच चालवणार. क्लास लावलाय की."

मला वाटलं फोन कट झाला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, तुम्ही तिच्याशी बोला. आजच बोला."

दुकान तसंच उघडं टाकून, उन्मेषला लक्ष ठेवायला सांगून घरी आलो. रक्षिता खिडकीजवळ होती.

"तू चालवणार हायस गाडी?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं की, अप्पा."

"मला चेष्टा वाटली."

"कळलं मला. म्हणून परत सांगितलं न्हाय."

मग तिनं एकेक दाखवलं. ती जादा दांडी. ओढली की गाडी पळते, ढकलली की ब्रेक. दुसऱ्या हातानं तो लट्टू धरून स्टिअरिंग फिरवायचं. पाय लागतच नाहीत. संयोगिताबाईंचे पाय एकोणिसाव्या वर्षी गेले, गच्चीवरून पडून. क्रांतीबाईंना फोन केला तो स्वतःसाठी. दवाखान्याचं सर्टिफिकेट स्वतःसाठी. मोबाइलवर शिकाऊ लायसन्स दाखवलं, तिच्या फोटोचं. घरी बसून परीक्षा दिली होती, मी दुकानात असताना. तिच्या अव्वाला, म्हणजे शांताला, सगळं माहीत होतं.

मी ओरडलो. ते लिहायलाच हवं. "पाय हलत न्हाईत आणि गाडी चालवणार? परत काय झालं म्हंजे?"

"झालं तर माझ्या हातनं होईल."

"ते चालतंय तुला?"

"व्हय. चालतंय."

शांता दारात येऊन उभी राहिली, पण मधे पडली नाही.

रक्षिता म्हणाली, "चार वर्षं तुम्ही मला उचलताय. डॉक्टरकडं, लग्नाला, गच्चीवर. तुम्हाला धाप लागती ती माझ्या कानाजवळ लागती, अप्पा. मला रोज ऐकू येतंय."

मी खाली बसलो. चार वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं ते निघालं. "त्या दिवशी मी त्या कुत्र्यासाठी स्कूटर वळवली नसती तर..."

"पांढरं कुत्रं," ती म्हणाली. "पळून गेलं. मी रस्त्यावर पडल्या पडल्या बघितलं, शेतात घुसलं. बरं झालं वाटलं मला. तुम्ही न्हाय बघितलं?"

मी नव्हतं बघितलं. चार वर्षं मी समजत होतो, ते मेलं.

दुपारी दुकानात गेलो. एका लग्नाच्या घागरीवर नाव कोरायचं होतं. 'भैरवी'तला 'भै' चुकला. गिऱ्हाईकाला नवी घागर दिली.

५ सप्टेंबर, शुक्रवार

तीन दिवस तिच्याशी धड बोललो नाही. राग नाही, भीती आहे. दोन्हीत फरक कसा सांगायचा तेच जमत नाही. आज क्लासला क्रांतीबाईंना म्हणालो, "तुम्ही तरी मला सांगायचं."

"मला वाटलं तुम्हाला म्हाईत हाय. तुम्ही तिच्या शेजारी बसायला शिकताय असं वाटलं मला." मग म्हणाल्या, "शिकाऊच्या शेजारी लायसन्सवाला लागतोय की, पावणं. तुम्ही न्हाय तर कोण?"

१३ सप्टेंबर, शनिवार

आज गाडी आली.

मी समजत होतो ट्रकवर चढवून येईल. संयोगिताबाई स्वतः चालवत आल्या. नाशिकहून निघून सातारला मुक्काम केला आणि दुपारी बाराला आमच्या गल्लीत निळी गाडी वळली. शेजारी विजयसिंह, भाऊ. खांद्याचं काय, विचारलं तर म्हणाले, "मी चालवतो म्हटलं, ऐकत नाही. मधे दोनदा मी घेतली, घाटात."

त्यानंतर जे बघितलं ते नीट उतरवून ठेवतो.

बाईंनी दार उघडलं. मागच्या सीटवरून खुर्चीचा सांगाडा एका हातानं उचलून, पोटावरून सरकवून बाहेर ठेवला. मग एक चाक, खट्. दुसरं चाक, खट्. बसायची गादी टाकली. एक मूठ सीटवर, एक मूठ खुर्चीवर, आणि स्वतःला उचललं. क्षणभर बाई हवेत होत्या. मग खुर्चीत. साडी सारखी केली आणि म्हणाल्या, "कुठं आहे रक्षिता?"

सगळ्याला मिनिटसुद्धा लागलं नसेल. गल्लीतली पोरं, वरच्या मजल्यावरच्या बायका, उन्मेष, सगळे उभे होते. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. देवळात आरती संपल्यावर क्षणभर होतं तसं झालं.

मी चार वर्षं एका माणसाला उचलतोय. माणूस स्वतःला उचलतो, हे मी कधी बघितलं नव्हतं.

मग रक्षिताची पाळी. ती खुर्चीतून गाडीत जायला लागली आणि माझे हात आपोआप पुढे गेले. बाई म्हणाल्या, "दादा, मागे व्हा." मी मागे झालो. पहिल्यांदा ती घसरून परत खुर्चीत पडली. दुसऱ्यांदा दारावर कोपर आपटलं, आवाज मला ऐकू आला. शांतानं माझा शर्ट मागून धरून ठेवला होता. तिसऱ्यांदा ती सीटवर होती, घामानं भिजलेली, केस तोंडावर. तिनं तो लट्टू धरला, दांडीवर हात ठेवला आणि समोर बघितलं. तिची उंची मला एकदम वेगळी वाटली. खुर्चीत ती नेहमी खालून वर बघते. गाडीत बसल्यावर ती सगळ्या ड्रायव्हरांएवढी असते.

हात मोकळे होते. कुठं ठेवावेत ते कळेना, म्हणून मी गाडीची काच पुसत बसलो.

शांतानं भाकरी, झुणका आणि दही वाढलं. बाई म्हणाल्या, "तुमची लेक 'मी येतो, मी बघतो' असं बोलते ना, मला फार आवडतं." शांता म्हणाली, "आमच्याकडं बायका तसंच बोलतात की."

कागदांवर सह्या झाल्या. त्यांना स्टेशनवर जायला टॅक्सी आली. निघताना बाई खुर्ची ढकलत गाडीजवळ गेल्या, खिडकीतून हात आत घातला आणि हॉर्न दोनदा वाजवला. बस्स, तेवढंच.

१६ सप्टेंबर, मंगळवार

पहिला दिवस. सागरमाळाचं मोकळं मैदान. क्रांतीबाई पुढे शेजारी, मी मागे. रक्षितानं दांडी ओढली आणि गाडी निघाली, इतकी हळू की एक कुत्रं शेजारून चालत पुढे गेलं. पण निघाली. मैदानाच्या टोकाला जाऊन थांबली. कुणी धक्का दिला नव्हता, कुणी उचललं नव्हतं.

क्रांतीबाई म्हणाल्या, "हातानं चालवणारी मी पण पहिल्यांदाच बघतोय. मला पण जरा शिकव."

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. दुकानातल्या कोरायच्या मशीनची पूजा झाली, गाडीची झाली. शांतानं दांडीला पण कुंकू लावलं. आता रोज सकाळी मी पुढे, तिच्या शेजारी बसतो. ती शंभर वेळा सांगते, "अप्पा, तो पाय दाबू नका. तिथं ब्रेक न्हाय." मी दाबतच असतो.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आज दाभोळकर चौकात गाडी बंद पडली. मागे बस, रिक्षा, टेम्पो, सगळे हॉर्न वाजवायला लागले. एक मोटारसायकलवाला काचेशी येऊन ओरडला, "चालवायला येत न्हाय तर कशाला काढायची गाडी?" मी दार उघडून उतरणार होतो. रक्षितानं एका हातानं मला थोपवलं आणि काच खाली केली. "दोन मिनिटं थांबा की, दादा. शिकतोय." त्यानं दांडी बघितली. तिचे पाय बघितले. मग स्वतःची मोटारसायकल बाजूला लावली आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहून मागची सगळी वाहनं थोपवली, आमची गाडी चालू होईपर्यंत. नाव विचारायचं राहिलं.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

रक्षिता लायसन्सची परीक्षा पास!

साहेबांनी आधी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग शेजारी बसून आठचा आकडा काढायला लावला, मागे घ्यायला लावली, चढावर थांबवायला लावली. मी कुंपणाबाहेर. उतरल्यावर साहेब पास म्हणाले आणि मग ऑफिसातल्या लोकांना हाक मारली, "या रं, हे बघा." पाच-सहा जण येऊन दांडी कशी चालते ते बघत होते आणि ती समजावून सांगत होती, वर्गात शिकवतात तसं.

परत येताना तिनं दुसरी बातमी दिली. कुरुंदवाडच्या कॉलेजात तासांवर शिकवायला बोलावलं आहे. आठवड्यातून चार दिवस. जायला दीड तास, यायला दीड तास. ऑगस्टमध्येच अर्ज केला होता, गाडीचं नक्की व्हायच्या आधी. कुरुंदवाड शांताचं माहेर. हिला अर्जाचं ठाऊक नसेल असं होईल काय?

मी म्हणालो, "रोज मी येईन सोबत."

"दुकान कोण बघंल?" रक्षिता म्हणाली.

"बंद ठेवीन."

"अप्पा."

एवढंच म्हणाली.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज ती एकटी गेली.

सकाळी साडेसातला. खुर्ची स्वतः आत घेतली, खट् खट्. मी आणि शांता फाटकात. गाडी गल्लीच्या टोकाला वळताना जराशी डावीकडे ओढली गेली, मग सरळ झाली, मग दिसेना.

फोन करायचा नाही असं ठरलं होतं, चालवताना ती उचलणार नाही. आठ वाजले. साडेआठ वाजले. एका बाईंना मी पाच लिटरच्या कुकरला तीन लिटरचं झाकण बांधून दिलं, त्या परत येऊन ओरडून गेल्या. ट्रक किती असतात त्या रस्त्याला, उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर. मी ट्रॅक्टर मोजायला लागलो, जे मला दिसतसुद्धा नव्हते.

नऊ वाजून चार मिनिटांनी मेसेज आला. एकच शब्द. "पोचलो."

उन्मेषला दाखवला. तो शब्द त्यानं दोनदा वाचला आणि चहा मागवला.

संध्याकाळी घरी आली ती बडबडतच. "अप्पा, गेटवरच्या वॉचमननं अडवलं. म्हणाला, पेशंट आत सोडा, गाडी बाहेर लावा, आत फक्त स्टाफ. कोण सोडणार पेशंटला, मी एकटाच हाय म्हणलं. आणि स्टाफ पण मीच." हसत हसत सांगत होती. मी पण हसलो. वर्गात एकसष्ट मुलं होती म्हणे.

१६ नोव्हेंबर, रविवार

शांताच्या बहिणीनं, आक्कानं, जेवायला बोलावलं होतं, म्हणून तिघं कुरुंदवाडला गेलो. रक्षिता चालवत होती, मी पुढे, शांता मागे डब्यांसकट. शिरोलीला नेहमीसारखा माझा उजवा पाय दाबायला लागला. ट्रक आला की दाबायचा, रिक्षा आली की दाबायचा. रक्षिता शांताशी तिच्या विद्यार्थ्यांबद्दल बोलत होती. एका मुलीला सूक्ष्मदर्शकातून पहिल्यांदा दह्याचा थेंब दाखवला तर ती किंचाळली, "मॅडम, हे हलतंय!" असं काहीतरी. उन्हं कोवळी होती. काच अर्धी उघडी.

डोळे उघडले तर गाडी उभी होती. चिंचेच्या झाडाखाली, समोर नदी. इंजिन बंद. मागची सीट रिकामी. रक्षिता स्टिअरिंगवर वही टेकवून पेपर तपासत होती, लाल पेन तोंडात धरून.

"आलं कुरुंदवाड?" मी विचारलं.

"कवाच. अव्वा गेली पुढं आक्काकडं. चालत."

"किती वेळ झाला?"

"पाऊण तास."

"मग उठवायचं न्हाईस?"

तिनं पेन काढलं. "दोनदा हाक मारली. मग अव्वा म्हणाली, राहू दे, घोरत्यात." एका पेपरवर बरोबरची खूण केली. "मला पण पेपर तपासायचं होतंच."

नदीवर एक माणूस म्हशी धूत होता. मग तिनं वही बाजूला ठेवली, किल्ली फिरवली आणि गाडी आक्काच्या घराकडे वळवली.

आता घरी येऊन हे लिहितोय. चार वर्षांत मी बसमध्ये, रिक्षात, कुणाच्याही गाडीत डोळा मिटलेला नाही. आज कुठं झोपलो ते आठवायचा प्रयत्न केला. हातकणंगलेची कमान आठवते. त्याच्या पुढचं जयसिंगपूर, शिरोळ, मधला पूल, काहीच आठवत नाही.